शनिवारी प्लॉट बघायला निघालेल्या मंडळींना खुले पत्र

मंडळी, नमस्कार.

गेल्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या फाटकाशी एक पांढरी गाडी थांबली. तिशी-पस्तिशीचं जोडपं, मागच्या सीटवर झोपलेलं पोर. 'काका, तुम्ही महसूल खात्यात सर्कल होतात ना?' असं विचारून त्यातल्या तरुणानं बॉनेटवर मोबाईल ठेवला आणि सातबारा मोठा करून दाखवला. एक एकर चार गुंठे. भोगवटादार वर्ग १, म्हणजे सरकारी शर्त नसलेली. 'इतर अधिकार' हा रकाना रिकामा. बोजा नाही, कुळ नाही, वाद नाही. 'टायटल क्लिअर आहे ना काका? एजंट म्हणतो, असा कोरा सातबारा या पट्ट्यात मिळत नाही.'

मी म्हटलं, 'सातबारा स्वच्छ आहे. विकणारा कोण?'

'पवार.'

'कुठले पवार?'

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, म्हातारा जात विचारतोय. विचारतच होतो.

त्या दोघांशी माझं बोलून झालंय. हे पत्र बाकीच्यांसाठी आहे. पाऊस उघडला की तुम्ही निघता. कर्जत, खालापूर, मुरबाड, शहापूर, वाडा, इगतपुरी, जुन्नर, अकोले. डोंगर दिसला पाहिजे, जवळ पाणी हवं, आणि भाव शहराच्या मानानं हसू येईल असा हवा. तुम्ही वाईट माणसं नाही. आयुष्यभर दोन खोल्यांत राहिलेल्या माणसाला चार झाडं लावावीशी वाटतात, यात गैर काहीच नाही. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. एजंट सांगत नाही, कारण त्याचं दोन टक्क्यांचं पोट त्यावर आहे. विकणारा सांगत नाही, कारण त्याला बहुधा कुणी विचारतच नाही. आणि आम्ही महसूलवाले सांगत नाही, कारण आमच्याकडे तुम्ही येता ते सगळं उरकून, फेरफाराची, म्हणजे मालक बदलल्याची, नोंद करायला.

गोष्ट अशी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. त्याचं कलम ३६ म्हणतं की अनुसूचित जमातीच्या माणसाची जमीन, मग ती राज्यात कुठेही असो, जिल्हाधिकाऱ्यांच्या आगाऊ मंजुरीशिवाय दुसऱ्याच्या नावावर जाणार नाही. पुढे १९७४ साली त्याला कलम ३६-अ जोडलं गेलं. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्रीनं, बक्षिसानं, अदलाबदलीनं, गहाणानं, भाडेपट्ट्यानं किंवा आणखी कशानंही जायची असेल, तर पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. बाकी सगळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तिच्याही आधी राज्य शासनाची मान्यता. तीही केव्हा? त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा दुसरा कुणी आदिवासी ती जमीन घ्यायला तयार नाही, अशी जिल्हाधिकाऱ्यांची खात्री पटल्यावर.

हे न करता घेतलीत, तर व्यवहार बेकायदा. जिल्हाधिकारी स्वतःहूनसुद्धा चौकशी लावू शकतात. निकाल विरोधात गेला की जमीन उभ्या पिकासकट शासनाकडे जाते, आणि मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला ती परत मिळवण्याची संधी दिली जाते. दिवाणी कोर्टात धाव घ्यावी म्हणाल, तर या बाबतीत त्या कोर्टाचा अधिकारच काढून घेतलेला आहे. चौकशीत सहसा वकीलही उभा करता येत नाही. तुम्ही, तो आदिवासी आणि मध्ये जिल्हाधिकारी. कायदा करणाऱ्यानं हे मुद्दाम केलंय. एका बाजूला पुण्या-मुंबईचा वकील आणि दुसऱ्या बाजूला अंगठा, असा सामना त्याला नको होता.

आता तुमचे गैरसमज. पहिला आणि सर्वांत महाग पडणारा म्हणजे, 'हे गडचिरोलीला असतं, आपल्याकडे नाही.' राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालचं क्षेत्र महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत आहे: ठाणे, पालघर, नाशिक, नंदुरबार, धुळे, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली. रायगड त्यात नाही. म्हणून कर्जतला प्लॉट घेणारा निर्धास्त असतो. पण कलम ३६ आणि ३६-अ हे क्षेत्र बघत नाहीत, माणूस बघतात. पेणच्या कातकऱ्याची जमीन आणि धडगावच्या पावऱ्याची जमीन, दोन्हींवर तेच बंधन. क्षेत्रामुळे फरक पडतो तो एवढाच, की अनुसूचित क्षेत्रातल्या पेसाच्या, म्हणजे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या, गावात खरेदीला ग्रामसभेचीही आगाऊ मंजुरी लागते.

दुसरा गैरसमज सातबाऱ्याचा. बंधन कागदावर असतं आणि कागद कोरा असला की बंधन नसतं, असं तुम्ही धरून चालता. वर्ग २ च्या जमिनीचं बरंचसं तसं आहे. शर्त जमिनीला चिकटलेली असते आणि ती सातबाऱ्यावर दिसते. हे बंधन मात्र जन्माला चिकटलेलं आहे. पुष्कळ सातबाऱ्यांवर 'आदिवासी खातेदार, कलम ३६, ३६-अ' अशी नोंद असते, आणि ती दिसली की एजंट तो सातबारा तुम्हाला दाखवतच नाही. पण काही सातबाऱ्यांवर ती कधी चढलीच नाही. कुठे तलाठ्यानं घातली नाही, कुठे पुनर्लेखनात गळली, कुठे कुणीतरी गळू दिली. नोंद गळली म्हणून माणसाची जमात बदलत नाही.

आणि आडनावावर जाल तर फसाल. सातबाऱ्यावर जातीचा रकाना नाही. कातकऱ्यांत पवार आहेत, जाधव आहेत, वाघमारे आहेत. महादेव कोळ्यांची, ठाकरांची कितीतरी आडनावं तुमच्या सोसायटीच्या पाट्यांवरही सापडतील. जुने फेरफार काढले की मात्र गंमत दिसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा तलाठी आडनावाच्या भानगडीत पडत नसे, सरळ 'अमुक वल्द तमुक कातकरी' किंवा 'ठाकूर' असं लिहून मोकळा व्हायचा. पुढे पोरं शाळेत गेली, मास्तरांनी आडनाव लावलं, आणि वारसाच्या फेरफाराला तेच आलं. आजोबा कातकरी, नातू पवार. तुमचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो. तीस वर्षांत फक्त पवारच दिसतात.

इथे मला माझंही सांगायला हवं. नाहीतर हे सगळं तुम्हाला शहाणपण शिकवल्यासारखं होईल.

१९९० नंतरची गोष्ट. मी नुकताच तलाठ्याचा सर्कल, म्हणजे तलाठ्यांच्या वरचा मंडळ अधिकारी, झालो होतो. माझ्याकडच्या एका गावात डोंगराच्या उताराला सव्वा एकर वरकस जमीन होती, एका विधवा बाईची. आडनाव वाघमारे. शहरातल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी ती खरेदी केली. दस्त नोंदलेला, मुद्रांक भरलेला. तलाठ्यानं नमुना सहामध्ये फेरफार धरला, नोटिसा काढल्या, चावडीवर एक प्रत चिकटवली. पंधरा दिवसांत हरकत आली नाही. ती कुठून येणार? ज्या बाईनं हरकत घ्यायची तिला वाचता येत नव्हतं, आणि चावडीच्या त्या भिंतीशी ती फक्त मोळी टेकायला थांबायची. मी फेरफारावर लिहिलं, 'नोटीस बजावली. हरकत नाही. नोंद मंजूर.' खाली सही, तारीख, गोल शिक्का.

मला ठाऊक नव्हतं का? होतं. ती कातकरवाडीत राहायची, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण कागदावर 'वाघमारे' होतं, 'कातकरी' नव्हतं, आणि जे कागदावर नाही ते बघायचं नाही, हे आमच्या खात्यात शिकावं लागत नाही, आपोआप येतं. दस्त नोंदला गेला म्हणजे वरच्यांनी बघितलंच असेल, अशी मी समजूत करून घेतली. दस्त नोंदणाऱ्यांनी बहुधा उलटी समजूत करून घेतली असेल, की पुढे फेरफाराला सर्कल बघेलच.

अकरा वर्षांनी चौकशी लागली. बाईच्या नातवानं अर्ज केला होता; तो आश्रमशाळेत शिकून आला होता आणि त्यानं तालुक्याला जाऊन जुने फेरफार काढले होते. १९५०च्या दशकातल्या नोंदीत त्याच्या खापरपणजोबाच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात 'कातकरी' लिहिलेलं होतं. मला जबाबाला बोलावलं. समोरच्या बाकावर ते बँकेतले गृहस्थ बसले होते, आता बरेच थकलेले. त्यांनी त्या उतारावर हापूसची चाळीस झाडं लावली होती, बांध घातले होते, विहीर खणली होती. जेव्हा विचारलं की जमीन घेताना विकणारीला काही विचारलं होतं का, तेव्हा ते म्हणाले, 'मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते रजिस्ट्रारसमोर अंगठा देताना.'

सगळा व्यवहार मध्यस्थानं केला होता. दस्तात लिहिलेली रक्कम एक, यांनी दिलेली दुसरी, आणि बाईच्या हातात पडलेली तिसरी. तिसरी इतकी लहान होती की मी ती इथे लिहीत नाही. तुम्हाला खोटं वाटेल. बाई तोवर गेली होती. निकाल नातवाच्या बाजूनं लागला. झाडं त्या वर्षी चांगली मोहरली होती.

माझ्यावर कारवाई झाली नाही. खात्यात अशा वेळी 'सद्हेतूनं केलेली कृती' असा एक शब्दप्रयोग असतो, तो मला लागू झाला.

असो. आता एजंटकडच्या वाटांकडे वळू. कारण कायदा तुमच्या कानावर गेला की एजंट घाबरत नाही, तो पाण्याचा ग्लास पुढे करतो आणि म्हणतो, 'साहेब, त्याला मार्ग आहे.'

मार्ग एक, नव्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. 'विक्री कुठे करतोय आपण?' पण कलमात भाडेपट्टा नावानिशी लिहिलेला आहे, आणि पाच वर्षांपुढच्या पट्ट्याला विक्रीइतकीच वरची मान्यता लागते. मुदत संपली की ताबा परत करवून घेण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांना आहे. आदिवासी शेतकऱ्याला जमीन खाजगी माणसाला भाड्यानं देणं सोपं व्हावं असा कायदा करण्याचा विचार मध्यंतरी सरकारनं बोलून दाखवला, त्यावर बराच गदारोळही झाला. एजंट तेवढ्यावर 'आता मोकळं झालंय' म्हणून सांगत सुटले. त्यांना म्हणावं, कलम दाखवा.

मार्ग दोन, साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांचा जुडगा. हा आपल्याकडचा फार लाडका. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की अशा कागदांनी स्थावराची मालकी जात नाही. जिथे काही बंधन नाही तिथेही जात नाही, मग इथे कुठून जाईल? आणि विकणारा वारला की कुलमुखत्यारपत्र साधारणपणे त्याच्याबरोबरच संपतं. मग दारात पाच वारस, आणि त्यातला एक आश्रमशाळेत शिकलेला.

तिसरा मार्ग ऐकवताना एजंट आवाज खाली आणतो. 'आपला एक आदिवासी माणूस आहे, विश्वासातला. त्याच्या नावावर घेऊ, वापरायची तुम्ही.' एक म्हणजे, आदिवासीकडून आदिवासीकडे जातानाही कलम ३६ ची मंजुरी लागतेच. दुसरं म्हणजे, याला बेनामी व्यवहार म्हणतात. त्याचा कायदा १९८८ चा, २०१६ साली तो कडक केला. मालमत्ता जप्त होते, कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त सात वर्षं सक्तमजुरी, वर बाजारभावाच्या पाव हिश्शापर्यंत दंड. ज्याच्या नावावर घेतली तो बहुधा एजंटचा ड्रायव्हर असतो. पहिली नोटीस त्याच्या घरी जाते. हे तुमच्या मनात येतं का?

आणखी एक सोपी समजूत आहे: 'एनए केली की सुटली.' एनए म्हणजे जमिनीचा वापर बदलला. विकायची मंजुरी त्या आदेशात नसते. दस्त नोंदला गेला म्हणजे झालं, हेही तसंच. नोंदणी दस्ताची होते, मालकीची नाही.

आता तुमच्यातल्या शिकलेल्या माणसाचा खरा प्रश्न. तो मला तोंडावर विचारत नाही, पण चहा संपता संपता येतो. 'काका, पण हे बरोबर आहे का? आपल्याच देशात माणूस बघून जमीन? समजा त्यालाच विकायची असेल, पोरीचं लग्न असेल, दवाखाना असेल, तर त्याला बाजारभाव मिळू नये?'

प्रश्न खोटा नाही. मी स्वतः असे चेहरे पाहिलेत, ज्यांना पैशाची खरोखर नड होती आणि घेणारा कायदेशीर गिऱ्हाईक पाच किलोमीटरमध्ये नव्हता. बंधनामुळे जमिनीचा भाव पडतो, हेही खरं. पण भाव पडतो म्हणूनच तुम्हाला ती 'हसू येईल अशी' स्वस्त दिसते. ती स्वस्ताई ज्याच्या खिशातून येते, त्याच्या वतीनं तुम्ही अन्यायाचा मुद्दा मांडताय. थोडं गमतीचं आहे.

आणि माणूस बघून जमीन हे तुम्हाला नवीन कधीपासून झालं? शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे कुळकायद्याचं कलम ६३ तुम्ही मुकाट पाळता. गावच्या सातबाऱ्यावर चुलत्याबरोबर आपलं नाव आहे का ते शोधता, दाखला काढता. तिथे कुणी घटनेचं नाव काढत नाही. घटनेचंच म्हणाल, तर संपत्ती घेण्या-विकण्याचा हक्क मूलभूत हक्कांत होता तेव्हाही कलम १९(५) मध्ये सवड ठेवलेली होती, की सार्वजनिक हितासाठी किंवा अनुसूचित जमातीच्या हिताच्या रक्षणासाठी वाजवी बंधनं घालता येतील. १९५० सालच्या मूळ मजकुरात ते आहे.

ते का घालावं लागलं, हे डोंगराच्या पायथ्याशी नोकरी केलेल्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो. सावकार खावटी देतो, मणभर नाचणी. पुढच्या सुगीला दीडपट, नाहीतर दुप्पट. नाही फिटली तर बैल, मग जमीन 'तात्पुरती' कसायला, मग कागद. कागद वाचता येत नाही. दोन पिढ्यांनी त्याच जमिनीवर तोच माणूस मजुरीला. शहाद्याकडे १९७१-७२ च्या सुमाराला भिल्ल आदिवासी उठले, त्यांचे पुढारी अंबरसिंग महाराज त्यांच्यातच वाढलेले. त्यांची मागणी हीच होती, की आमच्याकडून गेलेल्या जमिनी परत द्या. पालघरकडे भूमिसेना उभी राहिली, तिचाही विषय तोच. १९७४ चा कायदा मंत्रालयातल्या कुणाला सुचला म्हणून आलेला नाही.

त्याच वेळी आणखी एक कायदा झाला, आदिवासींना जमिनी परत करण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेल्या आणि शेतीखालीच राहिलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देण्यासाठी. ती पहिली तारीख बघा. १ एप्रिल १९५७ म्हणजे कृषक दिन, कसेल त्याची जमीन. कुळांना मालक करणारा तो मोठा दिवस. पण जिथे मालक आदिवासी होता आणि कुळ तालुक्याचा पैसेवाला, तिथे त्याच चांगल्या कायद्यानं आदिवासीची जमीन गेली. ती चूक सुधारायला सतरा वर्षं लागली. या कायद्याला आव्हान दिलं गेलं, आणि लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला.

आणि आपलं म्हणाल, तर १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली. त्यानंतर १८७९ साली इंग्रज सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यासाठी वेगळा कायदा केला, कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते बघायला लावलं. तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्या जमिनी त्यामुळे थोड्याफार वाचल्या. तेव्हा तो पक्षपात होता असं आपल्या घरात कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

सरळ मार्ग नाही का? आहे. अर्ज जमीन घेणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही करायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग तहसीलची चौकशी, गावात आणि पाच किलोमीटरच्या आत कुणी आदिवासी घ्यायला तयार आहे का याची विचारणा, किमतीची तपासणी, पेसाचं गाव असेल तर ग्रामसभा, आणि शेवटी शासन. वेळ लागतो, कधी वर्षं लागतात, आणि बरेचदा उत्तर 'नाही' असं येतं. माझ्या अख्ख्या नोकरीत अशा फायली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. आठवड्याअखेरच्या घरासाठी हे करण्याची चिकाटी तुमच्यात असेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्या कारणासाठी मंजुरी मिळावी असंही मला वाटत नाही. मग दुसरी जमीन बघा. जमिनी आहेत.

ती बघताना मी काय करतो ते सांगतो, कारण नातेवाईक मला असंच घेऊन जातात. प्लॉटवर जाण्याआधी वाटेतल्या वाडीचं नाव वाचायचं. ठाकूरवाडी, कातकरवाडी अशी पाटी दिसली आणि प्लॉट तिच्या लगत असला, की तिथून पुढे डोळे उघडे ठेवायचे. एजंटला गाडीत बसवून ठेवायचं, आणि गावात पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला एकच विचारायचं: ही जमीन मूळची कुणाची? सातबारा सांगत नाही ते तो सांगतो, वर कोण कुणाचा मामा हेही सांगतो. मग तलाठ्याकडे जायचं (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच) आणि सातबाऱ्यावर ज्या फेरफारांचे आकडे आहेत ते एकामागून एक मागे नेत वाचायचे, अगदी पहिल्या हस्तलिखित नोंदीपर्यंत. तीस वर्षांवर थांबायचं नाही. शेवटी विकणाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर बसायचं. त्याचा किंवा त्याच्या पोरांचा शाळा सोडल्याचा दाखला बघायला मागायचा. तो आदिवासी निघाला तर विचारायचं, परवानगीचा आदेश कुठे आहे? 'होऊन जाईल' हा आदेश नव्हे.

कुणी म्हणेल, दाखला मागायला लाज वाटते. इसार द्यायला वाटली नाही.

त्या जोडप्यानं तोवर इसार दिला होता, पन्नास हजार, पावती व्हॉट्सॲपवर. मी त्यांना तिथेच, माझ्या अंगणातून, एजंटला फोन लावायला सांगितला. स्पीकरवर. 'पवारसाहेब कुठल्या समाजाचे?' एवढंच तिनं विचारलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही, मग हसू, मग, 'मॅडम, तुम्ही आजकालचे लोक, असलं कुठे बघता! आणि काही असलं तरी त्याला मार्ग आहे.' तिनं फोन ठेवला. पोर जागं झालं होतं, त्याला लघवीला न्यायचं होतं. त्यानंतर ते प्लॉटवर गेले नाहीत, पवारांच्या घरी गेले. घर वाडीत होतं. पवारांना जमीन विकली जातेय हे माहीत होतं, पण कितीला, ते त्यांनी या दोघांकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

इसार अजून परत आलेला नाही. येईल असं मला वाटत नाही.

मी शनिवारी अकरापर्यंत घरी असतो. कुणाला दाखवायचं असेल तर जरूर या. येताना सातबारा नको, तो तुमच्या मोबाईलवर आहेच. फेरफार आणा, सगळे, पहिल्यापासून. आणि चष्मा लावून बसा, जुनी अक्षरं बारीक असतात.

एक निवृत्त मंडळ अधिकारी